सुटलेली जागा

रंगाऱ्याला चित्रांबद्दल एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. ती भिंतीवर लावतात, आणि भिंत धड नसेल तर चित्र कितीही थोर असो, सगळं मुसळ केरात. सत्तेचाळीस वर्षं त्याने भिंती रंगवल्या होत्या. इस्पितळांच्या, शाळांच्या, बँकांच्या, आणि नवरा-बायकोच्या भांडणापायी निम्म्यावर रंग बदललेल्या झोपायच्या खोल्यांच्या. एवढ्या वर्षांत भिंत बघून 'वा!' असं कुणी म्हणालं नव्हतं. भिंतीला वा म्हणत नाहीत. कुठे खोट राहिली तर मात्र आंधळ्यालाही दिसते. याचं आपल्याला काही वाटत नाही, असं तो सांगायचा.

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा तो जेवत होता.

"दादा, माझ्या प्रदर्शनाच्या भिंती तू रंगवायच्यास."

"का? तिकडचे रंगारी काय संपावर गेलेत?"

"आहेत ढीगभर. मला तू हवायस."

"त्रेसष्ट वर्षांचा झालोय मी, भिंगरे. शिडीवर चढलो की गुडघे बोलतात माझे."

"मग त्यांना म्हणावं, जरा हळू बोला," असं म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा. लहानपणापासून तशीच, एका जागी टिकायची नाही. भिंगरी हे नाव त्यानेच ठेवलं होतं, आणि आता ती चौपन्न वर्षांची नावाजलेली चित्रकार झाली तरी त्याच्या तोंडात तेच होतं.

"जा की मुकाट्याने," बायको म्हणाली. "सख्खी बहीण एवढी मोठी झाली, आणि तुम्ही तिची चित्रं बघितलीत ती फोनवर. तळहाताएवढी! लोक ऐकतील तर हसतील."

तो गेला. पण गुडघ्यांना न जुमानता तो गेला त्याचं खरं कारण बायकोलाही ठाऊक नव्हतं. ते त्याच्या पाकिटात होतं, चार घड्या घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण. त्यात लिहिलं होतं की या चित्रकर्तीने तीन वर्षं खपून नऊ प्रचंड चित्रं केली आहेत, आणि ती तिच्या लहानपणाच्या नऊ वर्षांची आहेत, वडील गेल्यापासून ती घर सोडून शिकायला गेली तोपर्यंतची. ती नऊ वर्षं रंगाऱ्याला तोंडपाठ होती. वडील गेले तेव्हा तो सोळाचा, ही सातची. त्याच आठवड्यात त्याची शाळा सुटली आणि हातात ब्रश आला. आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची, तो भिंती रंगवायचा, आणि भिंगरी शिकायची. तर त्या नऊ चित्रांत आपण कसे दिसतो, एवढंच त्याला बघायचं होतं. विचारणार नव्हता. मेला असता, पण विचारलं नसतं.

प्रदर्शनाची जागा म्हणजे एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना. छत तीन माणसं उंच, आणि भिंतींनी चाळीस वर्षं गारवा पिऊन ठेवलेला. पाच दिवस तो त्या भिंतींशी झगडला. पोपडे खरवडले, भेगांत लांबीचा लगदा भरला, घासकागदाने घासून घासून बोटांची सालं काढली, प्रायमर मारला, वर पांढऱ्याचे दोन हात. प्रदर्शनाची व्यवस्था बघणाऱ्या दालनाच्या बाई दिवसातून तीनदा यायच्या आणि म्हणायच्या, "झालंच की आता." तो म्हणायचा, "तुम्हाला झालंय. भिंतीला विचारा."

सहाव्या दिवशी सकाळी चित्रं आली. जाजमासारख्या गुंडाळ्या, एकेक उचलायला चार-चार हमाल. सुताराने जमिनीवर चौकटी जोडल्या, कापड ताणून ठोकलं, आणि दोरांनी एकेक चित्र वर चढू लागलं. रंगाऱ्याने मुद्दाम पाठ फिरवली आणि दुसऱ्या टोकाला शिडीवर बसून खिडकीची पट्टी रंगवत राहिला. दुपारी हमाल गेले, सुतार गेला, आणि खालून हाक आली.

"दादा, उतर. आता बघ."

तो उतरला, वळला, आणि हातातला ब्रश तसाच धरून उभा राहिला.

बावीस फूट लांब आणि बारा फूट उंच त्यांची खोली समोर होती. खरी खोली दहा बाय बाराची, म्हणजे चित्र खोलीपेक्षा मोठं! खिडकीच्या फुटक्या काचेला लावलेला पुठ्ठा होता. आई वाकून इस्त्री फिरवत होती, आणि तिच्या कोपरावरचा भाजल्याचा डाग रंगाऱ्याच्या अख्ख्या पंजाएवढा होता. परक्या घरांच्या चादरींचा ढीग, कोपऱ्यात लाल धाग्याने शिवलेले त्यांचे आकडे. छताला ओल आलेली. त्या ओलीचा आकारसुद्धा तोच. त्याला इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास आला. उगाच सांगत नाही, खरोखरच आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि का काढली ते त्यालाही कळलं नाही.

"आयला," तो म्हणाला.

"मीही आजच बघतेय," भिंगरी हळू आवाजात म्हणाली. "माझ्या कामाच्या खोलीचं छत नऊ फुटांचं. खालचा भाग गुंडाळायचा, वरचा रंगवायचा, मग उलट. तीन वर्षांत एकही चित्र अख्खं बघितलं नव्हतं मी."

दोघं पुढे सरकली. दुसऱ्या चित्रात जिना होता, एकतीस पायऱ्यांचा, आणि वरून तिसरी पायरी मोडलेली. रंगाऱ्याची नजर खालून वर चढत गेली आणि मोडक्या पायरीपाशी त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवरून उचलला गेला. भिंगरीने ते पाहिलं आणि ती हसली. तिसऱ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, वाऱ्याने फुगलेल्या, आणि मधून पळणारी पाच-सहा पोरं, त्यांचे नुसते पाय दिसत होते. चौथ्यात नळावरची रांग, पाचव्यात पावाच्या भट्टीची मागची बाजू. सायकलवाल्याचं दुकान, शाळेची गॅलरी, पूर आलेली गल्ली. माणसं खऱ्या माणसांहून मोठी होती, आणि एकेकाचा चेहरा असा की रंगारी मनात म्हणत होता, अरे, हा तर मेला की! आणि हा इथे उभा आहे. हीच ती पोरगी, जिला नाक पुसायला शिकवलं, आणि हिने अख्खी गल्ली मरणाच्या दारातून ओढून परत आणली होती. माणसाला हे कसं करता येतं? याला काय म्हणायचं?

पण त्याची नजर एकीकडे शोधतही होती. खोलीत आई होती. जिन्यावर चकणा चांभार होता. नळावर घरमालकीण होती, तिची दोन्ही भांडकुदळ पोरं होती. सायकलच्या दुकानासमोर घरमालकाचं एका डोळ्याचं कुत्रं ऐसपैस पसरलेलं होतं. नऊ चित्रं झाली. तो पुन्हा पहिल्यापाशी आला आणि पुन्हा नऊ बघितली.

तो कुठेही नव्हता.

कुत्र्याला जागा आहे, त्याच्या मनात आलं, आणि सख्ख्या भावाला नाही.

"कशी वाटली?" भिंगरीने विचारलं.

"मोठी आहेत," तो म्हणाला.

ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात दालनाच्या बाई गाडीची किल्ली हलवत आल्या. छापखान्यातून पत्रकं आणायची होती, उद्या सकाळी दहाला उद्घाटन. "दोन तासांत येतो आम्ही," ती म्हणाली. "डबा खाऊन घे. आणि दादा, आल्यावर मला तुझ्याशी बोलायचंय."

तो एकटा उरला. डबा उघडला, दोन घास खाल्ले, बंद केला. राग यावा असं वाटत होतं, पण समोर ती चित्रं असताना राग धरता येईना. मग तो रंगारी ज्याला बघणं म्हणतात तसं बघू लागला, म्हणजे नाक लावून, तिरप्या उजेडात. आणि त्याला ते दिसलं.

खोलीच्या चित्रात, खिडकी आणि दार यांच्यामध्ये, भिंतीचा निळा रंग संपला होता. तिथे साडेपाच फूट उंच, हातभर रुंद पट्टा कोरा होता. नुसतं कापड आणि त्यावरचं पांढरं अस्तर. तो जिन्यापाशी गेला. तिथेही, कठड्याजवळ. गच्चीत टाकीपाशी. नऊच्या नऊ चित्रांत एकेक जागा सुटलेली!

रंगाऱ्यांच्या धंद्यात यासारखी दुसरी नामुष्की नाही. त्याचा उस्ताद म्हणायचा, रंग वाईट लागला तर गिऱ्हाईक रंगाला शिव्या देतं, जागा सुटली तर आईबापांना देतं. पहिल्याच वर्षी कपाटामागे वीतभर जागा सुटली म्हणून उस्तादाने त्याला भर गिऱ्हाइकासमोर कानाखाली वाजवली होती. आणि आता हिच्या चित्रांत, उद्या मोठमोठी माणसं येणार, आणि जागा सुटलेल्या!

मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, म्हणून बोलावलं हिने! काम पुरं झालं नाही. एकटा जीव, बावीस-बावीस फुटांची कापडं, कुठे कुठे पुरी पडणार? मागायची लाज वाटली असेल, म्हणून भिंतींचं निमित्त केलं. 'तुझ्याशी बोलायचंय' ते हेच. त्यांच्या घरात कुणी कुणाकडे काही मागत नसे. दिसलं की करायचं, एवढंच. त्याला एकदम हलकं वाटलं. चित्रांत नसेना का, कामाला तर आठवला.

माणसं, चेहरे त्याला जमणार नव्हते, पण पहिल्या चित्रात भिंतच तर होती. आणि भिंत तर त्याची! त्याने बादलीत पांढरा ओतला आणि रंग मिसळायच्या छोट्या बाटल्या काढल्या. चित्राकडे बघायची गरजच वाटली नाही. निळा, थोडा हिरवा, मग काळ्याचे चार थेंब, आणि शेवटी किंचित पिवळट माती. हात आपोआप चालले. काडीने ढवळलं, पहिला हात मारला, पंखा लावला, तासाभराने दुसरा, तोही वाळवला. मग खूश होऊन वीस पावलं मागे गेला, आणि त्याने वळून बघितलं.

शेड चुकली होती.

थोडीथोडकी नाही, चांगलीच. भिंगरीची भिंत निळी, खोल, देखणी. त्याचा पट्टा मळकट, करडा, आजारी माणसासारखा. सत्तेचाळीस वर्षांत त्याची शेड कधी चुकली नव्हती. त्याने ओल्या फडक्याने कोपरा पुसून बघितला. रंग पक्का बसला होता. चांगल्या कामाची हीच तर पंचाईत.

तेवढ्यात दार वाजलं. भिंगरी छातीशी पत्रकांचा गठ्ठा धरून आत आली, मागे बाई. चार पावलं आली आणि थांबली.

"दादा."

"जागा सुटली होती," तो घाईघाईने म्हणाला. "दोन हात मारलेत. शेड जमली नाही, पण घाबरू नकोस, मी दुसरी बनवतो. बाकीच्या आठ पण संध्याकाळपर्यंत..."

"सुटली नव्हती," ती म्हणाली.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी एक पत्रक त्याच्या हातात दिलं. वरच छापलं होतं: 'या नऊ चित्रांत एकेक जागा कोरी ठेवली आहे. ती माझ्या भावाची आहे.'

त्याने ते दोनदा वाचलं.

"तू स्वतःलाच पुसलंस, दादा," भिंगरी म्हणाली, आणि मटकन जमिनीवर बसली.

आता मात्र त्याला राग आला. इतका वेळ धरता येत नव्हता तो सगळा एकदम आला. "मग काढायचंस की मला! चांभार काढलास, ती भांडकुदळ कार्टी काढलीस, कुत्रं काढलंस! मी काय कुत्र्याहून अवघड होतो?"

"हो!" तीही ओरडली. "कुत्रं दिवसभर समोर असायचं! तू कुठे असायचास? मी उठायच्या आत गेलेला, मी झोपल्यावर आलेला. आठ-आठ दिवस तुझं तोंड दिसायचं नाही मला. तुला काढायला शंभर वेळा कोळसा हातात घेतला, आणि समोर कुणी येईचना. म्हणून जागा ठेवली. तिथे तू होतास एवढं मला..."

ती बोलता बोलता थांबली. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. त्याच्या खांद्यावरून तिची नजर त्या पट्ट्यावर गेली होती. ती उठली, जवळ गेली, आणि तळहात त्यावर ठेवला.

"हा रंग कुठून आणलास?"

"कुठून आणणार? आपल्या भिंतीचा आहे," तो अजून घुश्शातच होता. "मीच नव्हता का लावला! इस्पितळाचा हिरवा उरलेला, शाळेचा निळा, उस्तादाच्या बादल्यांच्या बुडाचं सगळं खरवडून. पुरेना, म्हणून चुलीतली काजळी आणि दारातली माती टाकली. तू म्हणालीस, दादा, किती घाण रंग आहे."

"तीन वर्षं," ती म्हणाली. "तीन वर्षं हा रंग शोधतेय मी. सापडेना, तेव्हा हा सुंदर निळा ठरवून टाकला."

"आपली भिंत कुठे सुंदर होती!"

"नव्हतीच," ती म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. त्यालाही हसू आलं. काय करणार, आलं.

तिने त्याचा हात धरून त्याला मागे मागे नेलं, पार समोरच्या भिंतीपर्यंत. बाईही आल्या. तिघं तिथून बघू लागली. लांबून तो मळका पट्टा खोलीच्या मधोमध खांबासारखा उभा होता. बाकीचा सगळा निळा आता आठवणीतला वाटत होता आणि तेवढी भिंत खरी होती, हात लावावा इतकी. आईचा चेहरासुद्धा जणू त्या पट्ट्याकडेच वळलेला दिसत होता. हे आपल्या हातून झालं यावर रंगाऱ्याचा विश्वास बसेना.

"असंच असायचं," भिंगरी म्हणाली. "सकाळी डोळे उघडले की काम झालेलं असायचं, आणि तू नसायचास. हाच तू आहेस, दादा. राहू दे हे."

"पण पत्रकात नऊ छापलंय," बाई कळवळून म्हणाल्या. "पाचशे प्रती!"

"नऊचे आठ करा. पेन आहे ना?"

बाई कपाळाला हात लावून पेन शोधायला गेल्या.

आणि तिथेच हे संपलं असतं, कारण दोघांचंही मन भरलं होतं. पण रंगारी आता उरलेल्या कोऱ्या जागा बघत निघाला, आपल्या म्हणून. नवव्या चित्रापाशी तो थांबला. ते कलाशाळेचं आवार होतं, प्रवेश परीक्षेचा दिवस. चाळीसेक पोरं मांडीवर फळ्या घेऊन बसलेली, उजवीकडे मोठं लोखंडी फाटक, बाहेर रस्ता. कोरी जागा पार डाव्या टोकाला होती, आवाराच्या भिंतीपलीकडे दिसणाऱ्या शहरात.

"ही चुकली," तो म्हणाला.

"का? तू कामावर होतास त्या दिवशी."

"नव्हतो. उस्तादाला सांगितलं, पोट दुखतंय, आणि बांबूच्या परांचीवरून उतरून तसाच आलो." त्याने बोट उचललं आणि फाटकाच्या उजव्या खांबाजवळ, बाहेरच्या बाजूला टेकवलं. "इथे होतो. साडेचार तास."

भिंगरी त्या खांबाकडे बघू लागली.

"तू त्या नव्या मैत्रिणींबरोबर हसत बाहेर आलीस. मी पुढे होणार होतो, पण कपडे असे, तोंडाला चुना. म्हटलं, उगाच कशाला. तुला काय, दिसलोही नसेन..."

"मी तुला पाहिलं होतं," ती म्हणाली.

बाहेर कुठेतरी गाडीचा भोंगा वाजला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग हात काढले.

"पाहिलं होतं आणि ओळखलंही होतं. ते आठ-आठ दिवस न दिसणं वगैरे खरं आहे, दादा, पण ते कारण नाही. मी कोळसा हातात घेतला की हाच चेहरा समोर यायचा, फाटकापाशी उभा असलेला. आणि मी दर वेळी तेच करायची."

"माहीत आहे," रंगारी म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू ओळखलंस ते. मान वळवलीस ना. अनोळखी माणसाला बघून कुणी मान वळवत नाही, नुसतं पुढे जातं."

"अडतीस वर्षं! आणि कधी बोलला नाहीस?"

"बोलायचं काय त्यात? सोळा वर्षांची पोर होतीस. त्या वयात होतं असं. मी सोळाचा होतो तेव्हा..." तो म्हणाला, आणि पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचलं नाही.

भिंगरी रडली. आवाज करून रडली, लहानपणी रडायची तशी, आणि त्याने तिला रडू दिलं. मग तिने बाहीने नाक पुसलं, पिशवीत हात घालून कोळशाचा तुकडा काढला, आणि त्याची शिडी ओढत फाटकाच्या खांबापाशी आणली.

"उभा राहा," ती म्हणाली. "तिथेच, जिथे बोट ठेवलंस तिथे."

"आत्ता? उद्या दहाला माणसं येणार."

"येऊ देत."

तो चित्राला पाठ लावून खांबाशेजारी उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते कळेना. गालावर काहीतरी ताणल्यासारखं वाटलं, सकाळचा पांढरा रंग वाळला होता, म्हणून तो खिशातला रुमाल काढायला गेला.

"पुसू नकोस," ती म्हणाली.

त्याने हात खाली घेतला. भिंगरीने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि बघतच राहिली.